अनुभवी दुचाकीस्वाराचा उजळणी वर्ग : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

'उजळणी वर्ग' हा शब्द महाविद्यालयीन अध्यापकास अपरिचित नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने विविध विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली आणि सेवेत स्थिरावलेल्या अध्यापकाने ठरावीक काळाने पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसावे, अशी व्यवस्था निर्माण झाली. या व्यवस्थेविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असू शकेल. तथापि तिच्यामागचे तत्त्व बहुतेकांना मान्य आहे. वीस वर्षे शिकवले म्हणजे शिकवण्याची कला हस्तगत झाली असे नव्हे. एकच वर्ष वीस वेळा शिकवले, असेही घडू शकते.

हाच अध्यापक सकाळी ज्या दुचाकीवरून महाविद्यालयात येतो, त्या दुचाकीबाबत मात्र हे तत्त्व आपण लावत नाही. तरुणपणी शिकाऊ परवाना, त्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या आवारात इंग्रजी आठाचा आकडा काढून मिळवलेला पक्का परवाना, आणि पुढे तीस-चाळीस वर्षांचा 'अनुभव' एवढीच आपल्यापैकी बहुतेकांच्या वाहनशिक्षणाची कथा आहे. किंबहुना 'मी इतकी वर्षे गाडी चालवतो' हे वाक्य आपण प्रमाणपत्रासारखे वापरतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होत्या. या पार्श्वभूमीवर अनुभवी दुचाकीस्वाराने पुन्हा शिकावे ही कल्पना कोठे व कशी जन्मली, तिला कोणता आधार मिळाला, तिच्या मर्यादा कोणत्या आणि भारतात तिचे स्वरूप काय आहे, याचा आढावा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. विवेचनाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. या कल्पनेची जडणघडण प्रामुख्याने ब्रिटन व अमेरिका या देशांत झाली असल्याने विवेचनाचा आरंभ तेथून केला आहे.

१. एक अनुभवी स्वार आणि एक शल्यविशारद

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स यांच्या मोटारसायकलला अपघात झाला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने जगप्रसिद्ध असलेले हे गृहस्थ मोटारसायकलचे निष्ठावंत उपासक होते. त्या काळी अत्यंत वेगवान समजल्या जाणाऱ्या 'ब्रफ सुपीरियर' बनावटीच्या सात मोटारसायकली त्यांनी एकामागून एक वापरल्या होत्या. आपल्या घराजवळच्या परिचित रस्त्यावर, सायकलवरील दोन मुलांना चुकवताना ते मोटारसायकलवरून फेकले गेले. डोक्यास गंभीर इजा होऊन सहा दिवसांनी, १९ मे रोजी, त्यांचे निधन झाले. वय ४६ वर्षे. अनुभव, यंत्राची जाण, रस्त्याची ओळख यांपैकी कशाचीही त्यांच्याकडे उणीव नव्हती.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. या मृत्यूने केर्न्स यांना अस्वस्थ केले आणि मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. ऑक्टोबर १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी मरण पावल्याची नोंद त्यांनी केली. अपघाताच्या वेळी हेल्मेट घातलेले केवळ सात जखमी त्यांच्या पाहण्यात आले होते आणि त्या सातांपैकी एकाचाही मृत्यू झाला नव्हता. संख्या लहान होती. परंतु सैन्याने तिची दखल घेतली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये कर्तव्यावरील लष्करी मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. नागरिकांवर अशी सक्ती करणारा पहिला कायदा १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात आला. ब्रिटनला त्यासाठी १९७३ साल उजाडावे लागले.

केर्न्स यांचे ऋण मोठे आहे. तरीही हेल्मेट अपघात झाल्यानंतर कामास येते. अपघात टाळणे हे त्याचे कार्य नव्हे. अपघात टाळण्याचा प्रश्न स्वाराच्या कौशल्याशी निगडित होता आणि त्याबाबत कायद्याची दृष्टी फार वेगळी होती. लॉरेन्स यांच्या निधनानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, १ जून १९३५ रोजी, ब्रिटनमध्ये वाहनचालकांची चाचणी अनिवार्य झाली. परंतु ती कोणासाठी? १ एप्रिल १९३४ रोजी किंवा त्यानंतर ज्यांनी वाहन चालवण्यास प्रारंभ केला, केवळ त्यांच्यासाठी. त्यापूर्वीपासून वाहन चालवणाऱ्यास चाचणीतून सूट होती. अनुभव असणे म्हणजे कौशल्य असणे, हे समीकरण कायद्यानेच मान्य केले होते. लॉरेन्स हयात असते तर त्यांनाही कोणी चाचणीस बोलावले नसते.

२. हेंडन : अनुभवी चालकांची पहिली शाळा

या समीकरणाला पहिला छेद पोलीस खात्यात दिला गेला. लंडनच्या महानगर पोलीस दलाने १९३४ मध्ये हेंडन येथे वाहनचालन शाळा सुरू केली. पोलिसांच्या वाहनांना होणारे अपघात हे तिचे तातडीचे कारण होते. येथे येणारे शिपाई गाडी चालवत नव्हते असे नाही. ते चालवत होते म्हणूनच तर अपघात होत होते. १९३७ मध्ये अर्ल ऑफ कॉटनहॅम या शर्यतपटू उमरावाच्या मार्गदर्शनाखाली येथील शिक्षणाला निश्चित 'पद्धती'चे रूप आले.

या पद्धतीत हातचलाखीला दुय्यम स्थान होते. प्रत्येक वळण, चौक वा अडथळा यांना सामोरे जाताना चालकाने कोणत्या क्रमाने विचार व कृती करावी, हे तिने बांधून दिले. आजच्या परिभाषेत हा क्रम माहिती, रस्त्यावरील स्थान, वेग, गिअर आणि मग गती वाढवणे असा सांगितला जातो. शिवाय चालकाने गाडी चालवता चालवता आपल्याला काय दिसते आणि आपण त्यावरून काय निष्कर्ष काढतो हे मोठ्याने बोलत जावे, असा एक अभिनव पाठ होता. 'पुढे बस थांबली आहे. तिच्या आडून कोणी रस्ता ओलांडेल. वेग कमी करतो.' वर्षानुवर्षे गाडी चालवणारा मनुष्य असे बोलू लागला की त्याला स्वतःलाच उमगते की आपण किती कमी पाहत होतो. अनुभवाने जे मुके करून ठेवले होते, त्याला वाचा फोडण्याची ही युक्ती होती.

या शिक्षणाचे सार १९५५ मध्ये 'रोडक्राफ्ट' या पुस्तकाच्या रूपाने सर्वसामान्यांसाठी प्रसिद्ध झाले. पुढे मोटारसायकलसाठी त्याची स्वतंत्र पुस्तिका निघाली. १९५६ मध्ये परवानाधारकांनाच प्रगत चाचणीस बसवणारी 'इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड मोटरिस्ट्स' ही संस्था स्थापन झाली. येथे एक सामाजिक बाब लक्षणीय आहे. हेंडनला पाठवले जाणे ही शिक्षा नव्हती. तेथील प्रथम श्रेणीचा चालक दलात मानाने ओळखला जाई. अनुभवी मनुष्याला पुन्हा शिकवायचे तर त्या शिकण्याला प्रतिष्ठा असावी लागते, हा हेंडनचा पहिला धडा म्हणता येईल.

३. हर्ट अहवाल : अनुभवाचे विच्छेदन

अनुभव आणि कौशल्य यांच्यातील अंतर आकड्यांनी दाखवण्याचे श्रेय अमेरिकेतील एका अहवालाकडे जाते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि ३,६०० पोलीस नोंदी अभ्यासल्या. त्याच ठिकाणांवरून सुखरूप जाणाऱ्या स्वारांचीही माहिती त्यांनी तुलनेसाठी मिळवली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास 'हर्ट अहवाल' म्हणून ओळखला जातो.

अहवालाचे काही निष्कर्ष मोटारसायकलस्वारांना दिलासा देणारे होते. सुमारे तीनचतुर्थांश अपघात अन्य वाहनाशी टक्कर होऊन झाले होते आणि अशा अपघातांपैकी दोनतृतीयांशांत चूक दुसऱ्या चालकाची होती. त्याने मोटारसायकलचा मार्गाधिकार मोडला होता. समोरून येणारी मोटारसायकल त्याला दिसलीच नव्हती, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. युरोपातील पाच देशांत झालेल्या 'मेड्स' या नंतरच्या अभ्यासातही ९२१ अपघातांपैकी सुमारे निम्म्या अपघातांचे प्रमुख कारण दुसऱ्या वाहनचालकाची चूक हेच आढळले.

तथापि चूक कोणाचीही असो, ती घडल्यानंतरच्या क्षणात स्वाराने काय केले, हा हर्ट यांचा खरा प्रश्न होता. उत्तर अस्वस्थ करणारे होते. धोका निर्माण झाल्यापासून टक्कर होईपर्यंत स्वाराच्या हाती साधारणतः दोन सेकंदांहूनही कमी वेळ होता. तेवढ्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका जोरात दाबला की चाक घसरले; पुढच्या ब्रेकचा मात्र पुरेसा उपयोग केलाच नाही. गाडी झटकन बाजूला काढण्याचे तंत्र बहुतेकांकडे जवळपास नव्हतेच. अपघातग्रस्त स्वारांपैकी ९२ टक्के स्वार कोणत्याही औपचारिक प्रशिक्षणाविना, स्वतःच्या प्रयत्नाने किंवा नातेवाईक व मित्रांकडून शिकलेले होते. वेगाविषयीची सर्वसाधारण समजूतही या अहवालाने खोटी ठरवली. धोका उद्भवण्यापूर्वीचा मध्यगा वेग ताशी २९.८ मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर होता. टक्कर होतानाचा मध्यगा वेग ताशी २१.५ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर. हे वेग शर्यतीचे नाहीत. मंडईत जाणाऱ्या माणसाचे आहेत.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष पुढील आहे. अपघातग्रस्त स्वारांना रस्त्यावर मोटारसायकल चालवण्याचा एकूण अनुभव सुमारे तीन वर्षांचा होता. परंतु त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक स्वारांचा अपघात झालेल्या त्या विशिष्ट मोटारसायकलवरील अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. अनुभव एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर आपोआप संक्रमित होत नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

हे असे का व्हावे, याचे एक मार्मिक उत्तर सायकलच्या इतिहासात सापडते. चालत्या दुचाकीला उजवीकडे वळवायचे तर हँडलची उजवी मूठ क्षणभर पुढे ढकलावी लागते. त्यामुळे पुढचे चाक किंचित डावीकडे वळते, गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. प्रत्येक सायकलस्वार नकळत हेच करतो. विमानविद्येचे जनक विल्बर राइट हे व्यवसायाने सायकलदुरुस्ती करणारे. सायकल वळवताना आपण नेमके काय करतो हे त्यांनी अनेकांना विचारले आणि कोणालाही ते प्रथमदर्शनी अचूक सांगता येत नाही, असे त्यांना आढळले. शरीराला जे ठाऊक असते ते मनाला ठाऊक नसते. एरवी याने काही बिघडत नाही. परंतु समोर अकस्मात आडव्या आलेल्या मोटारीपुढे घाबरलेले मन शरीराला विरुद्ध आज्ञा देते, आणि दहा वर्षांचा अनुभव दोन सेकंदांत निरुपयोगी ठरतो.

४. अनुभवी स्वारांच्या अभ्यासक्रमाचे स्वरूप

अमेरिकेत १९७३ मध्ये मोटारसायकल उत्पादकांच्या पुढाकाराने 'मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली होती. आरंभी तिचे लक्ष नवशिक्यांवर होते. पुढे तिने परवानाधारक, सरावलेल्या स्वारांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आखला. ब्रिटनमध्ये १ डिसेंबर १९९० पासून नवशिक्यांना रस्त्यावर उतरण्यापूर्वी मूलभूत प्रशिक्षण सक्तीचे झाले. अनुभवी स्वारांसाठी मात्र तेथील पोलिसांनी ऐच्छिक उपक्रम चालवले. त्यांत गणवेशातील पोलीस नागरिकाच्या मागोमाग मोटारसायकलवरून जातो आणि नंतर दंडाची पावती न देता सल्ला देतो.

या अभ्यासक्रमांचा सांगाडा सर्वत्र साधारण सारखा आहे. नवशिक्याला संस्थेची लहान मोटारसायकल दिली जाते. अनुभवी स्वार मात्र आपली स्वतःची, रोजच्या वापरातील मोटारसायकल घेऊन येतो. मोकळ्या पटांगणावर रंगाने आखलेल्या रेषा व छोटे शंकू असतात. पहिला पाठ बहुधा अत्यंत मंद गतीने, अरुंद जागेत गाडी पूर्ण वळवण्याचा असतो. अनेक वर्षे महामार्गावर मोठी अंतरे कापलेल्या स्वाराचा पाय येथे जमिनीला टेकतो. त्याचे कारण तो चाकासमोरच्या जमिनीकडे पाहत असतो. 'जेथे जायचे आहे तेथे पाहा' एवढी एकच सूचना मान्य केली की तेच वळण सहज निघते. नजर जेथे, गाडी तेथे, हा दुचाकीचा नियम आहे. खड्ड्याकडे पाहणारा खड्ड्यातच जातो.

दुसरा पाठ तातडीने थांबण्याचा. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळे थांबण्याच्या क्षमतेचा सुमारे ७० टक्के वा त्याहून अधिक वाटा पुढच्या ब्रेकचा असतो. ताशी ४८ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १३ मीटर अंतर कापते. कोरड्या डांबरी रस्त्यावर केवळ मागच्या ब्रेकने तिला थांबवायचे तर ढोबळमानाने २५ मीटर लागतील. दोन्ही ब्रेक योग्य रीतीने वापरल्यास १३ मीटरच्या आसपास पुरतील. मधले १२ मीटर म्हणजे एक संपूर्ण बस. तिसरा पाठ अडथळा चुकवण्याचा, चौथा वळणाचा : आधी वेग कमी करा, वळणाच्या शेवटाकडे पाहा, गाडी कलती करा आणि मग हळूहळू वेग द्या. या सर्वांच्या मुळाशी निरीक्षणाची शिस्त असते. रस्ता न्याहाळणे, धोका ओळखणे, त्याचा अंदाज बांधणे, निर्णय घेणे आणि तो अमलात आणणे अशी तिची मांडणी केली जाते.

या पाठांमध्ये नवे ज्ञान फारसे नसते. नव्याने येते ती स्वतःविषयीची माहिती. अनुभवी स्वार येथे प्रथमच स्वतःची चूक दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो. रस्त्यावर चुकीची सवय बहुतेक वेळा निभावून जाते. निभावून गेली म्हणून ती पक्की होते. पक्की झाली म्हणून तिला अनुभव हे नाव मिळते. पटांगणावर मात्र आखलेली रेषा मुरवत ठेवत नाही.

५. प्रशिक्षणाच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून प्रशिक्षण हा रामबाण उपाय आहे असा समज होण्याची शक्यता आहे. इतिहास त्याला पुष्टी देत नाही. प्रशिक्षित स्वारांचे अपघात कमी होतात, असे हर्ट अहवालाने नमूद केले होते. परंतु जे स्वेच्छेने प्रशिक्षणास येतात ते मुळातच सावध प्रकृतीचे असतात की प्रशिक्षणाने सावध होतात, हे ठरवणे अवघड आहे. मोटारसायकल प्रशिक्षणाविषयीच्या उपलब्ध अभ्यासांचा कोक्रेन संस्थेने २०१० मध्ये पद्धतशीर आढावा घेतला. अभ्यासांचा दर्जा पाहता, कोणते प्रशिक्षण अपघात निश्चितपणे कमी करते हे सांगण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असा सावध निष्कर्ष त्यात काढला गेला.

मोटारचालकांच्या बाबतीत नॉर्वेतील १९८८ चा एक अभ्यास अधिकच विचार करायला लावतो. निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण दिलेल्या तरुण पुरुषांचे अशा रस्त्यांवरील अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचे त्यात दिसून आले. घसरलेली गाडी आपण सावरू शकतो हा विश्वास त्यांना मिळाला होता. घसरू नये म्हणून सावकाश जाण्याची गरज त्यांना वाटेनाशी झाली होती.

दुसरा दाखला मध्यमवयीन स्वारांचा आहे. अमेरिकेत मोटारसायकलस्वारांचे मृत्यू १९९७ मध्ये २,११६ इतके खाली आले होते. २००८ मध्ये ते ५,३१२ झाले. या काळात मृतांमध्ये चाळिशी उलटलेल्यांचे प्रमाण वाढत जाऊन जवळपास निम्म्यावर पोहोचले. संसाराच्या धावपळीत मोटारसायकल सोडलेले अनेक पुरुष हाती पैसा आल्यावर पुन्हा तिच्याकडे वळले होते. त्यांच्या आठवणीतला हात विशीतला होता, हाताखालचे यंत्र कितीतरी बलवान होते आणि शरीर पन्नाशीचे होते.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. हातांचे कौशल्य वाढवणारे प्रशिक्षण आणि स्वतःच्या कौशल्याची मर्यादा दाखवणारे प्रशिक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याने फाजील आत्मविश्वास वाढू शकतो. दुसऱ्याने तो कमी होतो. अनुभवी स्वाराला अधिक गरज आहे ती दुसऱ्याची.

६. भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

हर्ट अहवालातील 'नवे यंत्र, जुना अनुभव' हे सूत्र भारतीय वाचकास परके वाटण्याचे कारण नाही. १९५५ मध्ये मद्रास येथे एनफिल्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. ब्रिटिश परंपरेनुसार तिचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी होता. ही मांडणी भारतीय बुलेटवर या शतकाच्या आरंभापर्यंत प्रचलित होती. याउलट १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० सारख्या जपानी धर्तीच्या गाड्यांवर गिअर डाव्या व ब्रेक उजव्या पायाशी होता. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज स्कूटरचा गिअर तर डाव्या मुठीतच होता. विनागिअरच्या स्कूटरवर डाव्या हाताशी क्लचऐवजी मागचा ब्रेक आला. एकाच मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात वडिलांची स्कूटर, काकांची बुलेट, मुलाची मोटारसायकल आणि मुलीची विनागिअरची गाडी अशा चार परस्परविरोधी सवयी नांदत होत्या. सरळ रस्त्यावर मनुष्य या सवयी सहज बदलतो. संकटाच्या क्षणी मात्र पाय जुन्या गाडीचा ब्रेक शोधतो आणि तेथे गिअर असतो.

आपल्याकडील शिकण्याची परंपराही कौटुंबिकच राहिली आहे. 'पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील' हा उपदेश महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी ऐकला आहे. लहान चाकांच्या स्कूटरवर, मुरमाच्या वा खडीच्या रस्त्यावर त्याला काही अर्थही होता. परंतु उपदेश रस्त्यापेक्षा दीर्घायुषी ठरला. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या सर्व दुचाकींना चाक जखडू न देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याखालील दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा अनिवार्य झाली. यंत्र बदलले, ते वापरणाऱ्या हाताला कोणी नवे शिकवले नाही. गाडीसोबत मिळणारी पुस्तिका बहुतेक घरी कागदपत्रांच्या पाकिटात न उघडता पडून असते.

कायद्याची स्थितीही पाहण्यासारखी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवाना वीस वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, ग्राह्य धरला होता. २०१९ च्या दुरुस्तीने या मुदती बदलल्या. परंतु मुदतीत नूतनीकरण करणाऱ्यास वाहन चालवून दाखवावे लागत नाही. ठरावीक वयानंतर वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले जाते. म्हणजे डोळ्यांची तपासणी होते, पाहण्याची होत नाही.

याच दुरुस्तीने कलम १९ मध्ये चालकांच्या उजळणी प्रशिक्षणाची तरतूद प्रथमच केली. तिचे स्वागत करावयास हवे. पण तरतुदीची जागा बोलकी आहे. परवाना निलंबित झालेल्या चालकाने असे प्रशिक्षण घ्यावे, असे कायदा सांगतो. हेंडन येथे जी गोष्ट मानाची होती, ती आपल्या कायद्यात दोषी ठरल्यानंतरची अट म्हणून अवतरली. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची व्यवस्था केली आणि त्यांत उजळणी अभ्यासक्रमासही स्थान दिले. पुणे परिसराला या क्षेत्रात विशेष वारसा आहे. भोसरी येथील केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून कार्यरत आहे. तथापि सुविधा निर्माण होणे आणि निर्दोष, प्रतिष्ठित, अनुभवी नागरिकाने स्वेच्छेने तेथे जाणे यांत मोठे अंतर आहे.

हे अंतर मानसिक आहे, याची साक्ष हेल्मेटच्या इतिहासात मिळते. १९८८ च्या कायद्याचे कलम १२९ हेल्मेट बंधनकारक करते. असे असूनही पुण्यासारख्या सुविद्य शहरात हेल्मेटसक्तीच्या विरोधात वेळोवेळी आंदोलने झाली. शहरातला वेग कमी असतो आणि आम्ही वर्षानुवर्षे गाडी चालवतो, हे दोन युक्तिवाद त्यांत पुन्हा पुन्हा ऐकू आले. पहिल्याचे उत्तर हर्ट यांच्या ताशी ३५ किलोमीटरच्या आकड्यात आहे. दुसऱ्याचे उत्तर डॉर्सेटच्या त्या परिचित रस्त्यावर आहे. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वार व सहप्रवाशांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. डोक्यावर एक वस्तू ठेवण्यास जेथे एवढा विरोध, तेथे डोक्यातील समजुती तपासून घेण्यास किती होईल, याची कल्पना करता येते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, अनुभव म्हणजेच कौशल्य हे समीकरण १९३५ च्या ब्रिटिश कायद्यापासून आजच्या परवाना नूतनीकरणापर्यंत टिकून आहे. हेंडनच्या प्रयोगाने आणि हर्ट अहवालाने मात्र ते दीर्घकाळापूर्वीच संशयास्पद ठरवले आहे. दुसरा, अनुभव हा यंत्राशी, रस्त्याशी व शरीराशी बांधलेला असतो. यांपैकी काहीही बदलले की तो पुन्हा तपासावा लागतो. तिसरा, केवळ चलाखी वाढवणारे प्रशिक्षण घातकही ठरू शकते. स्वतःच्या मर्यादेचे भान देणारे प्रशिक्षण हेच अनुभवी स्वाराचे खरे शिक्षण होय. चौथा, असे शिक्षण शिक्षेच्या रूपात रुजत नाही. त्याला प्रतिष्ठा लाभावी लागते.

ही प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या कामी महाविद्यालये उपयोगी पडू शकतात. आपल्या वाहनतळावर विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या दुचाकी शेजारी शेजारी उभ्या असतात. रस्ता सुरक्षा सप्ताहात आपण विद्यार्थ्यांना भाषण देतो, शपथ देतो आणि निघताना हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवून घरी जातो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एखाद्या कार्यक्रमात महाविद्यालयाच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखून, एखादा प्रशिक्षक बोलावून, विद्यार्थ्यांच्या आधी पन्नाशीतील अध्यापकांनी आपापल्या गाड्या घेऊन रांगेत उभे राहावे. पहिल्या वळणावर पाय जमिनीला टेकेल, विद्यार्थी हसतील. हसू द्यावे. चुकीतून शिकणारा अध्यापक विद्यार्थ्यांना वर्गात क्वचितच पाहावयास मिळतो. तो मैदानावर दिसला तर त्या दिवशी त्यांना वाहनचालनापलीकडचेही काही शिकावयास मिळेल.